तुम्ही कसे पडलात? (फक्त स्वतःची चूक सांगा)

तिसरा गिअर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.१०

डावा हात झोळीत आहे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टंकतोय, त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला.

बावीस वर्षं झाली दुचाकी चालवतोय. आधी वडिलांची एम-८०, मग स्प्लेंडर, आता साडेतीनशे सीसीची. लडाख एकदा, कोकण मोजायचं सोडून दिलंय. पावसात, रात्री, मागे तांदळाचं पोतं बांधून, सगळं करून झालं. आणि पडलो कुठे? ताम्हिणीत, कोरड्याठाक रस्त्यावर, पंचेचाळीसच्या वेगात.

सात जण होतो, मी चौथा. मुळशीपर्यंत सगळे गप्पा मारत एकत्र. घाट लागला तसे पुढचे तिघे सुटले. मी काही शर्यत लावणाऱ्यातला नाही, पण तिसऱ्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा वळणाआड जाताना दिसायचा आणि माझा हात आपोआप पिळला जायचा. अर्धा तास मी रस्ता बघतच नव्हतो, तो दिवा बघत होतो. त्याने ब्रेक मारला की मी मारायचा, तो झुकला की मी झुकायचं. एका आंधळ्या डाव्या वळणावर त्याला जमलं ते मला जमलं नाही. गाडी बाहेर, म्हणजे समोरच्याच्या बाजूला, सरकायला लागली आणि समोरून टेम्पो. टेम्पोच्या बंपरला लिंबू-मिरचीची माळ होती आणि त्यातलं लिंबू सुकून काळं पडलेलं होतं, हे मला अजून स्वच्छ आठवतंय. कारण मी तिकडेच बघत बसलो होतो. आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, पूर्ण.

मागचं चाक अडकलं, गाडी डाव्या कुशीवर, तिच्यामागून मी. टेम्पोवाल्याने वेळेत थांबवला, मला उचलून कठड्याला टेकवलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "दादा, डावीकडं एवढा रस्ता मोकळा होता, माझ्या अंगावर कशाला आलात?" रस्ता होता. अख्खी लेन मोकळी होती. गळपट्टीचं हाड दोन तुकड्यांत.

पडल्या पडल्या (आता पलंगावर) एक गोष्ट ध्यानात आली. भेटायला येणारा प्रत्येक जण आपापल्या पडण्याची गोष्ट सांगून जातो. त्यात कुत्रं असतं, वाळू असते, रिक्षावाला असतो, 'अचानक' तर असतंच. सांगणारा स्वतः मात्र त्या गोष्टीत कुठेच नसतो. म्हणून हा धागा. नियम एकच: तुम्ही कसे पडलात ते लिहा, पण फक्त तुमची चूक. रिक्षावाल्यासाठी वेगळा धागा काढू.

माझी चूक: दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाडी चालवत होतो.


खडखड एक्स्प्रेस | शनिवार, रात्री ९.२२

रिक्षावाल्यासाठी वेगळा धागा काढलात तर सर्व्हर बसेल. हलके घ्या. लवकर बरे व्हा.


जुनी बुलेट | शनिवार, रात्री १०.०५

वय ६१, मुक्काम सांगली. माझ्याकडे जुन्या पद्धतीची बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सव्वीस वर्षं तीच, दुसरी गाडी माहीत नाही.

एकदा बँकेत जायचं होतं म्हणून मुलाची नवी गाडी घेतली. त्या गाडीला सगळ्या जगासारखा गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. निघताना मुलाने बजावलं, मी म्हटलं कळतं मला. आणि कळतच होतं. बँकेपर्यंत नीट गेलो, गिअर मोजून टाकले. येताना बाजारात एक शेळी आडवी आली. डावा पाय सव्वीस वर्षांच्या सवयीने दाणकन खाली. तिथे ब्रेक कुठला, तिथे गिअर! एका दणक्यात खालचा गिअर पडला, मागचं चाक फरफटलं आणि मी गुऱ्हाळाच्या बाकड्यासमोर आडवा. शेळी उभीच होती. रस पिणारे हसले नाहीत हे त्यांचे उपकार.

चूक: डोक्याला पाठ होतं म्हणजे पायाला पाठ आहे असं धरून चाललो. आता कुणाची गाडी घेतली तर आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं फिरवतो. लोक हसतात. हसू देत.


निप्या_२०० | शनिवार, रात्री ११.४०

चार वर्षं चालवतोय, अजून एकदाही पडलेलो नाही. राग मानू नका, पण तुमच्या पिढीचा प्रॉब्लेम हा आहे की सगळे ताठ बसून चालवतात. वळणावर शरीर आतल्या बाजूला काढलं, अर्धी बैठक सीटबाहेर, की गाडी कमी झुकवावी लागते आणि टायरला पकड जास्त शिल्लक राहते. हे फिजिक्स आहे, शायनिंग नाही. धागाकर्त्यांनी तसं केलं असतं तर तेच वळण त्याच वेगात बसलं असतं.


तिसरा गिअर | रविवार, सकाळी ७.५०

@निप्या: राग कसला, बरोबर बोललास. तेवढ्याच वेगाला आणि तेवढ्याच वळणाला आत झुकलेल्या माणसाची गाडी कमी आडवी होते. ओल्या रस्त्यावर मी स्वतः खांदा थोडा आत नेतो, हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने. पूर्ण बूड बाहेर काढत नाही.

तसे तीन प्रकार. गाडी आणि माणूस एका रेषेत झुकतात तो आपला रोजचा. माणूस जास्त आणि गाडी कमी तो तू म्हणतोस तो, रेसवाल्यांचा. आणि गाडी खाली दाबून माणूस ताठ तो कच्च्या रस्त्यावाल्यांचा. खडीवर, मुरमावर किंवा एकदम खड्डा चुकवायचा असेल तर तिसराच उपयोगी, कारण चाक सरकलं तर अंग सावरता येतं. तिन्ही यावेत. भांडण स्टाईलचं नाहीच.

पण कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, वळणापलीकडे काही घडलं असेल तर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. ताम्हिणीत वळणापलीकडे म्हैस असते आणि तिच्या हातात झेंडा नसतो. तू वाचवलेली पकड जर लगेच वेग वाढवण्यात खर्च केलीस, तर म्हशीसाठी काय उरलं? माझं वळण मी बसवलंही असतं. पुढचं बसलं नसतं, कारण डोळे त्या लाल दिव्यावरच होते.


न्यूटन सदाशिव पेठ | रविवार, सकाळी ९.१५

धागाकर्त्यांनी एक चूक मान्य केली, प्रत्यक्षात तीन आहेत. (मी सदाशिव पेठेत राहतो, मोजणारच.)

पहिली, नजर. घाबरल्यावर माणूस ज्याला घाबरला त्याच्याकडेच बघतो आणि गाडी नजरेमागे जाते. बैलगाडीच्या रस्त्यात एकच दगड असतो आणि नवशिका सायकलवाला नेमका त्यावर जातो, तसं. मोकळ्या जागेकडे बघायची सवय रोज खड्डे चुकवताना लावता येते. पुण्यात सरावाला खड्डे कमी नाहीत.

दुसरी, ब्रेक. जोरात थांबताना वजन पुढे ढकललं जातं, मागचं चाक हलकं होतं. कोरड्या डांबरावर थांबवण्याचं ७० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे मात्र सायकलपासून शिकवलेलं असतं, "पुढचा दाबू नको, उलटशील." झटक्याने दाबला तर उलटाल. लिंबू पिळल्यासारखा वाढवत नेला तर गाडी जमिनीला बसते. झुकलेल्या गाडीवर मात्र हाही जपूनच, शक्य तेवढी उभी करून.

तिसरी, हँडल. तीसच्या वर गेल्यावर दुचाकी डावीकडे वळवायची तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. हो, उलटं वाटतं. धागाकर्त्यांनी डावी मूठ पुढे रेटली असती तर गाडी आणखी डावीकडे झुकून आपल्या लेनमध्ये आली असती.

हे मनाचं नाही. हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, १९८१ ला अहवाल आला. त्यात हेच: आणीबाणीत स्वार मागचं चाक अडकवतो, पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाही, आणि मूठ ढकलून चुकवणं त्याला सुचतच नाही. सगळं करायला हातात दोन सेकंदांहून कमी वेळ. आणि त्यातले ९२ टक्के स्वार स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आपल्यासारखेच.


खडखड एक्स्प्रेस | रविवार, सकाळी ९.३१

मूठ ढकलण्याचं काही पटत नाही बुवा. तीस वर्षं चालवतोय, असं कधी केलं नाही.


न्यूटन सदाशिव पेठ | रविवार, सकाळी ९.४०

करता. तीस वर्षं करता आहात, हाताला माहीत आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसला जा, मुठी सैल धरा, डाव्या तळव्याने डावी मूठ हलकेच पुढे दाबा. आणि मग इथे येऊन लिहा.


खडखड एक्स्प्रेस | रविवार, दुपारी १२.५५

च्यायला.


ऊसकरी | रविवार, दुपारी २.२०

शिरोळ तालुका. नियम मोडणार आहे, आधीच सांगतो. माझी चूक नव्हती.

डिसेंबर, कारखाने जोरात. रात्री साडेनऊला घरी येत होतो. समोरून जीपचा अप्पर, म्हणजे दिव्याचा वरचा झोत, डोळ्यात. तो गेला आणि पुढ्यात एकदम उसाची भिंत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रेडियम नाही, काही नाही. वाढं लोंबतंय रस्त्याला लागेपर्यंत. ब्रेक मारला, गाडी आडवी झाली, मी ट्रॉलीखाली जाता जाता राहिलो. गुडघ्यात दोन स्क्रू. आता सांगा, ह्यात माझी चूक कुठली? ७० ला होतो, ११० ला नव्हे. रस्ता चांगला, सरळ, रोजचा.


न्यूटन सदाशिव पेठ | रविवार, दुपारी ३.०५

ट्रॉलीवाला शंभर टक्के गुन्हेगार. पण हिशोब करून बघा. ७० म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. दिसलं, डोक्यात शिरलं, ब्रेक लागला याला दीड सेकंद धरा, २९ मीटर गेले. पुढे थांबायला आणखी तीसेक. म्हणजे साठ मीटर हवेत. साध्या बल्बच्या डिपरमध्ये (खालच्या झोतात) नीट दिसतं जेमतेम तीस-चाळीस मीटर. तुम्ही तुमच्या उजेडाच्या पुढे पळत होतात. पन्नासला हाच हिशोब ३७ मीटरवर येतो.


ऊसकरी | रविवार, दुपारी ३.३०

हिशोब बरोबर आहे तुमचा. पण पेठेत बसून हिशोब करायला काय जातंय? ट्रॉलीला दोन पट्ट्या रेडियम लावायला काय होतंय त्याला? दरवर्षी हंगामात आमच्याकडं माणसं जातात ह्यानं. आणि तुम्ही म्हणताय माझा वेग.


मागची सीट | रविवार, दुपारी ४.१०

ऊसकरी दादा, बरं झालं निभावलं. तुमचा राग रास्त आहे.

मी गाडी चालवत नाही, कधीच चालवली नाही. सतरा वर्षं मागे बसते. धागा वाचून वाटलं, आमचं कुणी विचारतच नाही.

ह्यांनी ब्रेक मारला की माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटतं. टक्. डोंबिवलीहून माहेरी नाशिकला जाताना किती वेळा टक् झालं ते मी मोजते. एकदा सत्तेचाळीस झालं होतं, त्या दिवशी ऑफिसात भांडण करून आले होते. अलीकडे अकरा-बारा. गाडी कशी चालली हे पुढच्याला कळत नाही, मागच्याला कळतं. बायकोला विचारा, ती हिशोबाशिवाय सांगेल.

माझी चूक म्हणाल तर, लग्नानंतर पहिली दोन वर्षं एका बाजूला पाय सोडून बसायचे, सासूबाईंना दोन्हीकडे पाय आवडायचे नाहीत म्हणून. एका उजव्या वळणावर गाडी झुकली आणि मी घाबरून उलट्या बाजूला झुकले. पडलो नाही, पण गाडी शेतात. तेव्हापासून पंजाबी ड्रेस, दोन्हीकडे पाय, ओढणी कमरेला गाठ मारून. आणि मागच्या चाकावरची ती जाळी कुणी 'गाडीचा लूक जातो' म्हणून काढू नका हो. धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि अर्धं चाक झाकणारी जाळी, ही कायद्यानेच सांगितलेली आहे. शेजारच्या मुलाने काढली, महिनाभरात त्याच्या आत्याचा पदर चाकात.


अस्थिरोगी | रविवार, रात्री १०.३०

नाव 'रोगी' असलं तरी हाडांचा डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस.

आधी धागाकर्त्यांना: टेम्पोवाल्याने पाणी पाजलं, भला माणूस. पण पाजू नये. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं आणि बेशुद्ध होणाऱ्याच्या श्वासनलिकेत पाणी जातं. हेल्मेटही ओढून काढू नका. श्वास घेता येत नसेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी, एकाने मान आणि जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरून. नाहीतर काच वर करा, १०८ ला फोन लावा, थांबा. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. लोक अजून पोलिसांच्या लचांडाला घाबरून पुढे निघून जातात.

आता माझं निरीक्षण. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक जण लांबच्या प्रवासात पडलेले नसतात. दूध आणायला, पोराला क्लासला सोडायला, "इथल्या इथे" निघालेले असतात. पायात स्लीपर. डांबरावर घसरताना स्लीपर पहिल्या फुटातच निघून जाते आणि पुढचे दहा फूट अंगठा ब्रेकचं काम करतो. मागच्या आठवड्यात एकाचा अंगठा शिवताना तो म्हणाला, "डॉक्टर, हेल्मेट घातलं होतं हो." घातलं होतं, पण वाटीसारखं, हनुवटी उघडी. जबडा मी शिवत नाही, तो दुसरीकडे पाठवला.

हेल्मेटने जीव जाण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा लावलेला असेल तर. कोपराला अडकवलेल्या हेल्मेटने कोपर वाचतं, तेही मी पाहिलेलं आहे.

माझी चूक? इंटर्न असताना चोवीस तासांची ड्युटी करून निघालो आणि सिग्नलला उभ्या असलेल्या बसला मागून जाऊन टेकलो. झोपलो होतो. बस उभी होती, मी चालत होतो, दोष द्यायला कुणीच नाही.


खडखड एक्स्प्रेस | रविवार, रात्री १०.४४

रच्याकने (म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', आपलं 'बाय द वे'; आज हा शब्द शब्दशः घ्या), पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले होते त्यात न्यूटनराव होते का?


न्यूटन सदाशिव पेठ | रविवार, रात्री १०.५०

विषयांतर नको.


बर्मिंगहॅमकर | सोमवार, पहाटे २.१५

इथे येऊन लायसन्स काढलं तेव्हा मी पुण्यात अकरा वर्षं चालवून आलेलो होतो. मिशीला पीळ देऊनच गेलो. पहिल्या परीक्षेत नापास.

आपल्याकडे आरटीओत आठ काढला, पाय टेकला नाही, की झालं. इथेही आठ आहे, पण तो सुरुवात. मग मैदानात ताशी पन्नासला यायचं आणि परीक्षकाने हात वर केला की गाडी सरळ रेषेत थांबवायची, चाक न अडकवता. मग पुन्हा पन्नास आणि शंकू चुकवून बाजूला काढायची, त्या वेळी ब्रेकला हात नाही. म्हणजे न्यूटनरावांची तिसरी चूक इथे परीक्षेचा पेपर आहे. मी पहिल्या फेरीत मागचं चाक फरफटवलं. परीक्षक शांतपणे म्हणाला, पुण्यात असंच थांबतात का? (भारत म्हणाला, पुणे मी घातलं.)

ते मैदान पास झाल्यावर मग रस्त्यावरची वेगळी परीक्षा. तिथे लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं नाही की गुण गेले. त्या बघण्याला इथे 'लाइफसेव्हर' म्हणतात. आता सुट्टीत पुण्याला आलो की कर्वे रोडवर मान वळवून बघतो आणि मागचे समजतात मी वाट चुकलोय.


सातवीच्या बाई | सोमवार, दुपारी ३.४५

मधल्या सुट्टीत वाचतेय. परभणी जिल्हा. शाळा अठरा किलोमीटर, स्कूटरवर जाते-येते, नऊ वर्षं.

आमच्याकडे रस्ता म्हणजे खळं. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांनी मळणी. त्यावरून एकदा जाऊन बघा, पायाखाली मोहऱ्या सांडल्यासारखं. पण मी त्यावर नाही पडले. पाऊस उघडल्यावर ट्रॅक्टर शेतातून वर येतात आणि चाकांची काळी माती डांबरावर सोडून जातात. वाळली तर ढेकूळ, ओली तर साबण. ती मला शंभर पावलांवरून दिसत होती. तरी वेग कमी केला नाही, कारण परिपाठाला उशीर होत होता. माती लागल्यावर ब्रेक दाबला. दोन्ही. डबा फुटला, भेंडीची भाजी रस्त्यावर.

चूक: ब्रेक मातीच्या आधी दाबायचा होता.

खरं विचारायचं आहे ते वेगळं. मुलगा पहिल्या वर्षाला आहे, दोनशे सीसी हवी म्हणतो. घरात त्याच्या बाबांची दीडशे सीसी आहे, २०१४ ची, ना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) ना काही. त्याचं म्हणणं, नव्या गाडीला एबीएस असतं म्हणजे ती जास्त सुरक्षित. खरं आहे का?


तिसरा गिअर | सोमवार, संध्याकाळी ६.३०

बाई, अर्धं खरं आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. चाक अडकू देत नाही, मोठी गोष्ट आहे, माझ्या मागच्या चाकाला ते असतं तर कदाचित झोळी नसती. पण काही गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, ते बघून घ्या. आणि खडीवर, चिखलावर एबीएसने गाडी उलट लांब जाऊन थांबते.

दोनशेला हो-नाही म्हणण्याआधी त्याला बाबांच्या गाडीवर थांबायला सांगा. मोकळी काँक्रीटची जागा बघा. चुन्याची रेघ मारा, चाळीसने यायचं, रेघेवर ब्रेक. हेल्मेट, बूट, मागे-पुढे कुणी नाही. पहिल्यांदा त्याच्या सवयीने थांबू द्या, काही शिकवू नका. मग दोन्ही ब्रेक, पुढचा पिळत. पावलं मोजा.


निप्या_२०० | सोमवार, रात्री ९.०२

एबीएस असताना हे सगळं आता जुनं झालंय असं माझं मत. असो.


ऊसकरी | मंगळवार, सकाळी ६.४०

काल रात्री झोप लागली नाही नीट. न्यूटनराव, रागात बोललो, सोडून द्या.

एक लिहायचं राहिलं होतं. आमची पण एक ट्रॉली आहे. कारखान्याला जाते. पहाटे उठून टॉर्च घेऊन बघितली. तिला पण रेडियम नाही. एका बाजूला कधीकाळी लावलेलं होतं, चिखलानं भरून पार काळं झालंय. गुडघ्यात स्क्रू घेऊन मी दीड वर्ष तिच्याच शेजारनं रोज जातोय आणि दिसलं नाही मला.

आज आणून लावतो. मागं लाल, बाजूला पिवळं.


जुनी बुलेट | मंगळवार, सकाळी ७.१५

ऊसकरी, दंडवत.


मागची सीट | मंगळवार, सकाळी ११.२०

काल रात्री हा धागा ह्यांना वाचून दाखवला. आज कामावर जाताना विचारतात, "आता किती झाले?" मी म्हटलं, अजून सोसायटीच्या गेटातच आहोत.


सातवीच्या बाई | रविवार, संध्याकाळी ७.३०

सांगितल्याप्रमाणे केलं. बाजार समितीच्या यार्डात रविवारी चिटपाखरू नसतं आणि आतला रस्ता काँक्रीटचा. चुना शाळेच्या मैदानाचाच, उरलेला.

पहिल्या फेरीत चिरंजीव आपल्या मनाने थांबले. पाय मागच्या ब्रेकवर, पुढच्या लिव्हरवर दोन बोटं नुसती ठेवलेली, शोभेला. मागच्या चाकाने काँक्रीटवर काळा पट्टा काढला. रेघेपासून माझी सत्तावीस पावलं. त्याला ते फार भारी वाटलं, पट्ट्याचा फोटोसुद्धा काढला.

मग म्हणाला, आता तू. मी स्कूटर घेऊन आले, चाळीस, दोन्ही हात. एकोणीस पावलं. त्याने स्वतः पुन्हा मोजली, त्याच्या पावलांनी, मग माझ्या पावलांनी चाल म्हणाला. एकोणीसच.

त्यानंतर तो बोलला नाही. गाडी फिरवून गेला आणि आला. तेवीस. पुन्हा गेला. वीस. एकदा पुढचा ब्रेक झटक्याने दाबला, गाडी नाचली, माझ्या पोटात गोळा. मी काही म्हटलं नाही, तुम्ही शिकवू नका म्हणाला होतात ना. अंधार पडेपर्यंत चौदा-पंधरा फेऱ्या झाल्या. शेवटच्या तीन सोळा, सोळा, पंधरा. काळा पट्टा नाही.

दोनशेचा विषय अजून निघालेला नाही. पुढच्या रविवारी पाणी मारून बघू म्हणतोय.


तिसरा गिअर | रविवार, संध्याकाळी ७.५८

बाई, पाणी मारल्यावर तीसपासून सुरुवात करा, चाळीसला घाई नको. आणि टायरमधली हवा आधी बघा. माझी झोळी मंगळवारी निघतेय.


निप्या_२०० | सोमवार, रात्री १.१०

काकू, सोसायटीमागच्या रस्त्यावर आत्ता करून आलो. चाळीसवरून. एबीएस आहे माझ्या गाडीला.

बावीस. आणि पावलं माझी आहेत, म्हणजे तुमच्यापेक्षा मोठी.